आपल्या एरियाचं नाव कुठून आलं ते शोधायचंय? आधी माझी फजिती वाचा, मग कामाला लागा

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या गणपतीची स्मरणिका निघाली आणि "तुमचं मराठी बरं आहे" एवढ्या एका कारणावरून 'आपल्या परिसराचा इतिहास' हा दीड पानाचा लेख माझ्या गळ्यात पडला. आम्ही मुंबईत चुनाभट्टीला राहतो, शीवच्या म्हणजे सायनच्या शेजारी. मी दोन रात्री मोबाइल खाजवला आणि ठोकून दिलं की सायन हे नाव जेरुसलेमच्या झायन डोंगरावरून पडलंय, पोर्तुगीज पाद्र्यांनी दिलंय वगैरे. तीनशे प्रती छापून झाल्या. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर तळमजल्यावरचे आजोबा, मूळचे साताऱ्याकडचे, चष्मा कपाळावर आणि बोट बरोबर त्या ओळीवर ठेवून आले. "अगं, शीव म्हणजे वेस ना? आमच्याकडे नवरी घेऊन येताना शिवेवर नारळ ओवाळून टाकतात, ती शीव. हे जेरुसलेम कुठनं काढलंस?"

मला वाईट कशाचं वाटलं सांगू? शीव स्टेशनच्या पाटीवर मराठीत ठळक 'शीव' लिहिलंय आणि मी वीस वर्षं त्या पाटीखाली उभी राहून लोकल पकडतेय.

त्यानंतर वर्षभर मी या नावांच्या नादाला लागले, भरपूर चुकले, आणि आता सोसायटीत, शाळेत, मंडळात कुणाच्या गळ्यात असा लेख पडला की मलाच फोन येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

काय काय जवळ ठेवायचं

- एक वही आणि पेन्सिल. पेनाने लिहू नका, खोडावं लागणारच आहे.
- बिल्डिंगचं प्रॉपर्टी कार्ड, म्हणजे मालमत्ता पत्रक. सेक्रेटरीकडे कॉपी असते. उपनगरात त्यावर सी.टी.एस. नंबरासोबत (जमिनीच्या मोजणीचा नंबर) गावाचं नाव असतं आणि ते पुष्कळदा स्टेशनच्या नावापेक्षा वेगळं निघतं. शहरात सी.एस. नंबर आणि डिव्हिजन मिळेल.
- जुनी गॅझेटियरं, म्हणजे सरकारने छापलेली जिल्ह्यांची माहितीपुस्तकं. मुंबई शहराची १९०९-१० ची, ठाणे जिल्ह्याची १८८२ ची. स्कॅन फुकट बघायला मिळतात. इथे माझा एक आठवडा वाया गेला, मी कुर्ला मुंबईच्या गॅझेटियरात शोधत बसले होते. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० साली, त्याआधी माहीमच्या खाडीपलीकडचं सगळं ठाणे जिल्ह्यात. म्हणजे अंधेरी, कुर्ला, बोरिवली यांच्यासाठी ठाण्याचं पुस्तक उघडा.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. ऑनलाइन शोधता येतो. जे मराठी शब्द आपण शहरात विसरलो ते सगळे यात बसलेत.
- ओळखपत्र, लायब्ररीत जायचं असेल तर. टाउन हॉलमधली एशियाटिक किंवा दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, जिथे जाल तिथे सदस्य नसताना काय बघू देतात हे आधी फोनवर विचारा.
- सत्तरीच्या पुढचं एक तरी माणूस, जे तिथेच वाढलंय. हे सगळ्यात महत्त्वाचं.

१. गाव नेमकं कुठलं, ते आधी पक्कं करा

हसू नका, निम्म्या चुका इथेच होतात. एका नावाची दोन-दोन गावं आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि जुन्या कागदात नुसतं नाव दिसलं की आपण खूश होऊन आपल्याच एरियाला चिकटवून टाकतो.

कुलाबा घ्या. मुंबईचा कुलाबा वेगळा, अलिबागच्या समुद्रातला कुलाबा किल्ला वेगळा. आणि १९८१ पर्यंत रायगड जिल्ह्याचं नावच कुलाबा होतं, त्यामुळे 'कुलाबा जिल्हा' लिहिलेला कागद हातात आला तर तो मुंबईचा नाही हे लक्षात ठेवा. यातली गंमत म्हणजे मुंबईच्या कुलाब्याला चुंबकीय वेधशाळा होती, विजेच्या ट्राम येणार आणि त्याने मोजमाप बिघडणार म्हणून ती १९०४ साली हलवली, कुठे, तर अलिबागला. म्हणजे कुलाब्याहून कुलाबा जिल्ह्यात. आता हे वाचताना कुणाचा गोंधळ होणार नाही?

तुर्भ्याचं तसंच. नवी मुंबईतलं तुर्भे सगळ्यांना माहीत आहे, पण ज्याला आपण ट्रॉम्बे म्हणतो त्याचंही मराठी नाव तुर्भेच, खाडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक. धारावी म्हटलं की सगळ्यांना आपली शीव-माहीमच्या मधली आठवते, पण चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत जी धारावी येते ती भाईंदर-उत्तनकडची, तिथे किल्ला होता. माहीम आपलं एक आणि पालघरकडचं केळवे-माहीम दुसरं, आणि जुन्या बखरीतली महिकावती म्हणजे यातलं कोणतं यावर अभ्यासकांचे वाद झालेत, तिथे तुम्ही-आम्ही एका वाक्यात निकाल देऊ नये. अंधेरीत आंबोली आहे आणि सावंतवाडीच्या घाटातही आंबोली. गोरेगाव इथे आहे, माणगाव तालुक्यातही आहे. आणि कल्याणीचे चालुक्य म्हणजे आपल्या कल्याणचे नव्हेत, ते कर्नाटकातल्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणचे. माझ्या भाचीने हे शाळेच्या प्रोजेक्टमध्ये बिनधास्त लिहिलं होतं आणि बाईंनीही बरोबरची खूण केली होती.

म्हणून वहीत पहिल्या ओळीत नावासोबत तालुका, जिल्हा, आणि शेजारची दोन गावं लिहा. कागदात नाव सापडलं की शेजारची गावंही तिथे आहेत का बघा. नसतील तर तो कागद बाजूला.

२. पाटीवरचं नाव सोडा, तोंडातलं नाव पकडा

ही युक्ती मला मासळीबाजारात सापडली. आमच्या नेहमीच्या मावशीला मी विचारलं, मावशी तुम्ही वर्सोव्याच्या ना? तिने पापलेटाची शेपटी धरून मान हलवली, "वर्सोवा तुमचा. आमचा येसावा." वेसावे हे मूळ नाव, त्याचं कागदावर वर्सोवा झालं, आणि आता मेट्रोच्या पाटीवरून आपण तेच म्हणतो. मूळ शोधताना 'वर्सोवा'ची फोड करत बसलात तर हाती काही लागणार नाही, कारण त्यातला 'र' बहुतेक कारकुनाने घातलाय.

दुसरं, नाव काय असं विचारू नका. "कुठे निघालात?" विचारा. माणूस नाव सांगताना पाटीवरचं सांगतो, पण बोलण्याच्या ओघात घरातलं रूप येतं. वांद्र्याला, ठाण्याला, पार्ल्याला, कुर्ल्याला. बांद्रा म्हणणारा 'बांद्र्याला' म्हणेल, पण जुना माणूस वांद्र्यालाच जातो.

पार्ल्यावरून आठवलं, माझा पुतण्या समजत होता की बिस्किटाच्या कारखान्यावरून गावाचं नाव पडलं. उलटं आहे रे बाबा, कंपनी १९२९ ची, गाव कितीतरी आधीचं.

३. नाव जितकं मागे नेता येईल तितकं न्या

आजचं नाव हे शेवटचं टोक. त्याला धरून मागे मागे जायचं: आजचं रूप, इंग्रजांनी लिहिलेलं, पोर्तुगिजांनी लिहिलेलं, जमलं तर शिलालेख-ताम्रपटातलं. प्रत्येक रूपापुढे साल लिहा. एवढं केलं तरी निम्म्या दंतकथा आपोआप गळून पडतात.

ठाण्याचं उदाहरण सगळ्यात सोपं. शिलाहारांच्या ताम्रपटांत 'श्रीस्थानक' येतं. स्थानकाचं झालं ठाणे. म्हणजे आपण 'ठाणे स्थानक' म्हणतो तेव्हा तोच शब्द दोनदा म्हणतो, एकदा झिजलेला आणि एकदा कोरा करकरीत. कान्हेरीच्या लेण्यांचं पण असंच, तिथल्याच लेखांत 'कान्हसेल' आहे, कृष्णशैल, काळा डोंगर. तिथला दगड एकदा बघून या म्हणजे पटेल. सोपारा म्हणजे शूर्पारक.

आता परक्या स्पेलिंगचा सापळा. पोर्तुगीज आणि इंग्रज दोघांनाही आपला ळ, ठ, ण जमायचा नाही, आणि पोर्तुगिजांना नावाच्या शेवटी नाकातला सूर लावायची सवय. वसईचं त्यांनी 'बसाईं' केलं, इंग्रजांनी त्याचं 'बसीन'. १८०२ चा वसईचा तह इंग्रजी पुस्तकात 'बसीनचा तह' म्हणून आहे तो याच्यामुळे. आणि तिकडे ब्रह्मदेशात इरावतीच्या मुखाजवळ पाथेइन नावाचं शहर आहे, त्यालाही इंग्रज बसीनच लिहायचे, अगदी सेम स्पेलिंग! दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. वेगवेगळी नावं इंग्रजी लेखणीतून जाऊन एकसारखी बाहेर आली, बस. मी यावर एक भलीमोठी थिअरी रचली होती, व्यापारी इकडून तिकडे गेले वगैरे, अर्धं पान लिहूनही झालं होतं.

पण प्रत्येक सारखेपणा असा निव्वळ योगायोग नसतो, हेही सांगते. मुंबईच्या बेटाला लागून जी मोठी साष्टी, जिचं इंग्रजीत सालसेट झालं, तशी गोव्यातही साष्टी आहे, मडगावकडची. दोन्ही नावांचा उगम सहासष्ट गावं असाच सांगतात. एका साष्टीने दुसरीवरून नाव घेतलेलं नाही, नाव पाडायची पद्धत एक होती. सांताक्रूझ तर जगभर सापडतील, कारण पोर्तुगीज-स्पॅनिश लोक जिथे गेले तिथे 'पवित्र क्रूस' हे नाव देत सुटले. तेव्हा दोन नावं सारखी दिसली की वहीत तीन रकाने करा: कारण एकच आहे, लोकांनी नाव सोबत नेलंय, की नुसती स्पेलिंगची करामत. पुराव्याशिवाय पहिल्या दोन रकान्यांत काही टाकू नका.

४. फोड शेवटाकडून करा

बोरिवली, कांदिवली, डोंबिवली, कणकवली. सुरुवात वेगळी, शेपूट एक. हे 'वली' म्हणजे पल्ली, वस्ती, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे बोरिवलीत शोधायचं काय, तर फक्त 'बोरी', बोराची झाडं. पण लगेच बोरीबंदरलाही बोरं लावू नका, तिथली बोरी म्हणजे गोणी, बंदरावर पोती उतरायची म्हणून, असं सांगतात. दिसायला एक, अर्थ दोन.

झाडांवरून नावं मुंबईत इतकी आहेत की फोड करताना पहिला संशय झाडावर घ्यावा. चिंचपोकळी, वडाळा, फणसवाडी, उमरखाडी. खार आला की मिठाची जमीन: खार, खारदांडा, पलीकडे खारघर. गावाच्या शेवटी खुर्द-बुद्रुक असेल तर तो फारसी मामला, खुर्द म्हणजे धाकटं, आणि बुजुर्गचं बुद्रुक झालं म्हणजे थोरलं. मुंबईकर पुण्याला गेला की वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द यांत हमखास चुकीच्या रिक्षात बसतो, तेवढ्यासाठी तरी हे पाठ करा.

५. पायाने जाऊन बघा

चपला घाला आणि निघा. शीवची शंका माझी तिथे फिटली. शीवचा किल्ला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान टेकडीवर बांधला, कारण इकडे इंग्रजांचं परळ बेट आणि तिकडे पोर्तुगिजांची साष्टी, मधली हद्द हीच. वर चढून उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलं की कळतं, शहर इथे संपत होतं. झायनची गोष्ट अजूनही लोक सांगतात, सांगू देत, पण ज्या जागेला हद्दीचा किल्ला आहे आणि जिचं मराठी नाव हद्द आहे, तिथे मी तरी जेरुसलेमपर्यंत जाणार नाही. आणि हो, शीवचा शंकराशीही संबंध जोडू नका. शिवडीचं मूळ शिववाडी सांगतात ते वेगळं प्रकरण, त्याच्या नादाने शीवला बेलपत्र वाहू नका.

पायधुनीला मात्र जाऊन आता काही दिसत नाही. पाणी ओलांडून आल्यावर पाय धुवायची जागा म्हणून ते नाव, आणि आज तिथे टॅक्सीचे हॉर्न. अशा ठिकाणी जुना नकाशा लागतो, भराव टाकायच्या आधीचा.

६. गोष्ट फार गोड लागली की तपासा

गोष्टी लोकांना आवडतात, मलाही. पण छापायच्या आधी प्रत्येक गोष्टीला या चाळण्या लावा.

व्याकरणाची चाळणी: बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज 'बॉम बाहिया', चांगला उपसागर, हे सगळ्यांनी ऐकलंय. पण पोर्तुगीजमध्ये बाहिया हा शब्द स्त्रीलिंगी, त्याला 'बॉम' लागतच नाही, 'बोआ' लागेल. पोर्तुगीज स्वतः लिहायचे 'बोंबाईं'. मुंबादेवीच्या मुंबाईला त्यांचा तो नाकातला सूर लागला की बरोबर तेच होतं.

भाषेची चाळणी: गोष्ट ज्या भाषेत आहे ती भाषा तेव्हा तिथे रस्त्यावर बोलत होते का? भेंडीबाजार म्हणजे इंग्रजीतलं 'बिहाइंड द बझार', क्रॉफर्ड मार्केटच्या मागचा, असं ऐकायला झकास वाटतं. पण भेंडीचं झाड असतं (भाजी नव्हे, पिवळ्या फुलांचं मोठं झाड), आणि आजूबाजूला उमरखाडी असताना मी झाडाच्या बाजूने. घाटकोपरचं 'घाट के ऊपर' हे तर हिंदी कानाने ऐकलेलं मराठी. कोपर म्हणजे कोपरा. डोंबिवलीजवळचं कोपर, पलीकडचं कोपरखैरणे आठवा. ब्रीच कँडीतली कँडी म्हणजे गोळ्या-चॉकलेट नाही, खिंड असावी असं जुने लोक लिहून गेलेत, आणि श्रीलंकेच्या कँडीशीही नातं नाही, ते सिंहली 'कंद' म्हणजे डोंगर.

माणसाची चाळणी: एकाच आडनावाचे दोन साहेब असतात. एल्फिन्स्टन कॉलेज माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या नावाचं, तो १८१९ ते १८२७ गव्हर्नर होता. एल्फिन्स्टन रोड स्टेशन, जे २०१८ ला प्रभादेवी झालं, ते लॉर्ड जॉन एल्फिन्स्टनच्या नावाचं, १८५३ ते १८६० वाला. साल बघितलं नाही की काकाचं पुतण्याला, पुतण्याचं काकाला.

आणि जोडगोळीची चाळणी, ही माझी स्वतःची: कुर्ला म्हणे कुर्लीवरून, आणि शेजारचं चेंबूर म्हणे चिंबोरीवरून. दोन शेजारी गावं, दोन्ही खेकड्यांची! खाडी आहे, खेकडे होतेच, अशक्य काही नाही. पण इतकं जुळून आलेलं दिसलं की मला गोष्ट रचणाऱ्याचा हात दिसतो.

७. लिहिताना

एका नावाच्या दोन व्युत्पत्ती असतील तर दोन्ही द्या. चर्नी रोडला गुरं चरायची म्हणून ते नाव म्हणतात, आणि ठाण्याच्या चेंदणीतले लोक गिरगावात येऊन राहिले त्यांनी नाव सोबत आणलं असंही म्हणतात. कोणती आवडते ते तुमचं मत म्हणून लिहा. कागदात सापडलेलं, माणसाने सांगितलेलं आणि तुमचा अंदाज, तिन्ही वेगळे ओळखू येतील असं लिहा. 'असं सांगतात' हे दोन शब्द घालायला लाजू नका, सेक्रेटरी म्हणेल जागा कमी आहे, काढून टाकू, तर काढू देऊ नका.

यंदाच्या स्मरणिकेत मी शीवची दुरुस्ती छापली, फरसाणवाल्याच्या जाहिरातीच्या खाली, चार ओळी. आजोबांनी वाचली, चष्मा परत कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "हे झालं. पण आपण राहतो चुनाभट्टीला, मग चुन्याची भट्टी नेमकी कुठे होती गं?" प्रॉपर्टी कार्ड काढून बसलेय सध्या. कुणाकडे या बाजूचा जुना नकाशा असेल तर कळवा.